हात न लावता

नाट्यगृहाच्या दाराशी लावलेल्या फ्लेक्सवर मी होते आणि शिक्षणमहर्षी बाळासाहेब नलवडेही होते. त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा बराच मोठा होता. ते साहजिकच होतं. माझा सत्कार ते करत होते, मी त्यांचा करत नव्हते. खाली लिहिलं होतं, ‘मिरजेची सुवर्णकन्या, पियानोसम्राज्ञी कु. रूथ सॅम्युएल शिरसाठ’. कोपऱ्यात शोभेला एक व्हायोलिन काढलेलं होतं.

“व्हायोलिन कशाला?” मी पप्पांना विचारलं.

“वाद्यच आहे की ते,” पप्पा म्हणाले. “सनई टाकली असती तर काय केलं असतंस?”

पप्पा म्हणजे मालगाडीचे निवृत्त गार्ड. त्या दिवशी त्यांनी नवा सूट शिवून घातला होता आणि मेच्या उन्हात ते आतून भाजून निघत होते, पण कोट काढायची सूचना त्यांनी घरीच धुडकावली होती. मी नववीत असताना आई गेली. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. चर्चमधल्या पायाने हवा भरायच्या ऑर्गनवर मी बोटं ठेवायला शिकले, तिथून पुण्याला, पुण्याहून शिष्यवृत्तीवर जर्मनीला. तिथे एका मोठ्या स्पर्धेत मला तिसरं बक्षीस मिळालं. ते मिरज जंक्शनला पोचेपर्यंत पहिलं झालं. चर्चच्या अंगणात ‘जगात पहिली’ झालं आणि पेपरात छापून येईपर्यंत जगात दुसरं कोणी पियानो वाजवतच नव्हतं. ती कात्रणं पप्पांनी लॅमिनेट करून घेतली होती. बँकेत, दवाखान्यात, भाजीच्या गाडीपाशी, जिथे म्हणून चार माणसं थांबतील तिथे ती पिशवीतून बाहेर यायची.

आमचं गाव सतारी आणि तंबोऱ्यांचं. इथे पियानोला ‘ती आडवी मोठी पेटी’ म्हणतात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. जर्मनीत माझ्या वर्गातली मुलं तंबोऱ्याला ‘भोपळा’ म्हणायची. वाईट एवढंच होतं, की सुटीला म्हणून आल्यापासून मी ज्या घरी जाई, तिथे कोणाच्या तरी मुलाचा कॅसिओ पलंगाखालून बाहेर काढला जाई. “जरा वाजवून दाखव की, रूथताई. एकच गाणं.” मी म्हणायची, “माझा करार आहे, बाहेर वाजवायला मनाई आहे.” लोक ‘हो का’ म्हणायचे आणि मी चपला घालेपर्यंत स्वयंपाकघरातून ऐकू यायचं, “भाव खायला लागलीय.”

सत्काराला मी एकाच अटीवर हो म्हटलं होतं. शाल घेईन, नारळ घेईन, दोन शब्द बोलेन, वाजवणार नाही.

आत शिरलो तर रंगमंचाच्या मधोमध एक पांढराशुभ्र ग्रँड पियानो उभा होता. त्याच्या पायांना झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. मागे भिंतभर एलईडी पडदा, आणि कॅमेरा थेट पट्ट्यांवर रोखलेला.

“पप्पा, हे काय?”

पप्पांनी कोटाचं बटण लावलं. आधी ते लावलेलंच होतं.

“बाळासाहेबांनी बंगल्यातनं आणून ठेवलाय. एवढा माणूस एवढं करतोय. पाच मिनिटं वाजव. काय बिघडतंय?”

“मी सांगितलं होतं तुम्हाला.”

“सांगितलं होतंस, पण पत्रिका छापून झाली होती.” त्यांनी पत्रिका दाखवली. शेवटच्या ओळीत ‘पियानोवादन’ असं ठळक होतं. “सगळी मंडळी आलीत, रूथ. दौंडहून तुझी आत्या आलीय. माझ्यासोबतचे गार्ड आलेत. मी त्यांना सांगून बसलोय.”

ते सांगून बसण्यात पटाईत होते. मी पुढे काही बोलणार, तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र आणि कानात हेडफोन घातलेले एक गृहस्थ आले. हे तुषार कदम. बाळासाहेबांची सगळी महाविद्यालयं, सगळे वाढदिवस आणि सगळी उद्‌घाटनं हेच बघत.

“मॅडम, जरा इकडं येता का? एकटंच बोलायचं होतं.”

ते मला विंगेत घेऊन गेले. तिथे ढोलपथकाची मुलं पाणी पीत बसली होती. त्यांना बाहेर घालवून कदम हळू आवाजात म्हणाले, “तुमचे वडील म्हणाले मला, तुम्ही वाजवायला तयार नाही. मी समजू शकतो. आर्टिस्ट लोकांचा मूड असतोय. पण तुम्हाला वाजवायची गरजच नाहीये.”

“म्हणजे?”

“हा ऑटोमॅटिक आहे. आपोआप वाजतो. पट्ट्या खालीवर होतात, पेडलसुद्धा. साहेबांकडं पाहुणे आले की जेवताना लावतात.” त्यांनी खिशातून टॅबलेट काढला. “तुम्ही नुसतं बसायचं, हात फिरवायचे. गायक लोक नाही का ट्रॅकवर ओठ हलवत? मोठमोठे हलवतात. आणि यात फसवणूकपण नाही काही. बघा कोणाची फाईल आहे.”

टॅबलेटवर माझं नाव होतं. स्पर्धेची अंतिम फेरी ज्या पियानोवर झाली, तो प्रत्येक पट्टी कधी, किती जोरात दाबली याची नोंद ठेवणारा होता. पुढे कंपनी ती वादनं विकते असं ऐकलं होतं, पण ती विकत कोण घेतं ते मला त्या दिवशी कळलं. शिक्षणमहर्षी घेतात, जेवताना लावायला.

“तुम्ही नाही वाजवलं तरी तुम्हीच वाजवताय,” कदम म्हणाले. “मी तर म्हणतो, जास्त सेफ. लाइव्हमध्ये चुका होतात.”

दुसरी कोणी असती तर तिने अपमान वाटून त्यांच्या कानातला हेडफोन उपटला असता. मी म्हणाले, “चालेल.”

इतक्या लगेच म्हणाले, की कदमांनाच जरा वाईट वाटलं. त्यांनी मनात बरीच मुद्देसूद तयारी केली असणार.

मी हो का म्हटलं ते आता सांगायला हवं. त्या आधीच्या हिवाळ्यापासून माझ्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं पियानोवर ठेवली की आत वळत होती. एरवी काही नाही. चमचा धरता यायचा, सही करता यायची, वेणी घालता यायची. पट्ट्यांवर हात ठेवला की ती दोघं रुसल्यासारखी तळहातात जाऊन बसायची. जर्मनीतल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की बोटांना काहीच झालेलं नाही, मेंदूच त्यांना चुकीचा हुकूम पाठवतो. फार सराव करणाऱ्यांना होतं कधीकधी. कोणाचं बरं होतं, कोणाचं होत नाही. काही महिने वाजवणं पूर्ण बंद ठेवा. ऑक्टोबरमध्ये माझा युरोपचा दौरा सुरू होणार होता. माझ्या कार्यक्रमांची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंना, फ्राउ लिंडनर त्यांचं नाव, मी काहीच कळवलं नव्हतं. पप्पांना तर नाहीच. ‘सुटीला येतेय’ असं सांगून आले होते आणि रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर पालथा हात ठेवून बोटं सरळ राहतात का बघत होते. टेबलावर ती अगदी शहाण्यासारखी राहत.

कार्यक्रम निमंत्रणपत्रिकेत अकराला होता, म्हणजे साडेबाराला दीपप्रज्वलन झालं. मग भाषणं झाली. एका वक्त्यांनी पियानोचा शोध मुळात आपल्याकडेच लागला होता असं सांगितलं. दुसऱ्यांनी माझा उल्लेख सुरुवातीला ‘रूथ’, मधे ‘ऋतु’ आणि शेवटी ‘ऋतुजा’ असा केला. आणखी पाच मिनिटं बोलते तर माझं लग्न लावून आडनावही बदलते. मग स्वतः बाळासाहेब उठले. पांढरे कपडे, पांढरे बूट. पियानोशेजारी उभे राहिले तेव्हा दोघं एकाच दुकानातून आणल्यासारखे दिसत होते.

“ही आपली लेक,” ते म्हणाले, “साध्या गार्डची पोर. आज जग तिच्यापुढं झुकतंय. मी शब्द देतो, येत्या जूनला आपल्या संकुलात आंतरराष्ट्रीय पियानो अकादमी उभी राहील आणि तिची संचालक असेल आपली ऋतुजा.”

टाळ्या. हे मला कोणी विचारलं नव्हतं. पहिल्या रांगेत पप्पा उभे राहून टाळ्या वाजवत होते, घामाने चेहरा चकाकत होता. शाल आली, नारळ आला, पगडी आली. पगडी मोठी होती, ती कानांवर टेकली. तशीच मी पियानोपाशी जाऊन बसले.

कदमांनी विंगेतून अंगठा दाखवला.

मी हात पट्ट्यांच्या जरा वर धरले. दोन बोटं लगेच आत वळली. पडद्यावर ती भल्यामोठ्या आकारात दिसत असणार, पण लोकांना वाटलं असेल, अशीच पद्धत असते.

आणि पियानो सुरू झाला.

आधीच्या भाषणांमुळे माझी तयारी होती, ती कंटाळ्याची आणि लाजेची. याची तयारी नव्हती. एका रशियन रचनाकाराची रचना ती. सुरुवातीला डावा हात खाली एकच सूर पुन्हा पुन्हा धरतो आणि उजवा त्याच्यावरून चालत येतो. पट्ट्या माझ्या बोटांखाली आपापल्या दबत होत्या. मला प्रत्येकीची वेळ माहीत होती. इथे मी श्वास घेतला होता, इथे उगाच थांबले होते, कारण हॉलमध्ये कोणीतरी खोकलं होतं. तो खोकला पट्ट्यांत नव्हता. थांबणं मात्र होतं. आत वळणारी ती दोन बोटं जिथे पडायला हवी होती, तिथल्या पट्ट्या न चुकता, हलक्या हाताने खाली जात होत्या. कोणीतरी माझ्या मांडीवर बसून माझेच हात घेऊन वाजवतंय असं वाटलं.

मी हात फिरवत राहायला हवे होते. कदम विंगेतून दोन्ही हात हवेत नाचवून दाखवत होते. मी थोडे फिरवले. मग एक उतार आला. तो उतार त्या स्पर्धेपूर्वी मी इतका घोकला होता, की झोपेत उशीवर वाजवायची. तो ऐकताना माझ्या लक्षात आलं की मी स्वतःला आजवर कधी ऐकलंच नव्हतं. वाजवताना मी चुका शोधत असायची, आणि संपलं की सापडलेल्या चुका मोजत बसायची. आता शोधायला काही हातात नव्हतं. ती मुलगी चांगली वाजवत होती. तिसऱ्या बक्षिसापेक्षाही चांगली, पप्पा सांगतात तितकी नव्हे. तिला कशाची घाई नव्हती.

मी हात मांडीवर ठेवले आणि ऐकत बसले.

पडद्यावर हे सगळ्यांना दिसत होतं. मोठ्या आकारात पट्ट्या खालीवर होत होत्या आणि हात नव्हते. हॉल चिडीचूप झाला. कदमांचा चेहरा फ्लेक्सवर न टाकण्यासारखा झाला होता. शेवटचा सूर विरला तरी मी उठले नाही, तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, “हात न लावता, ओ!”

आणि नाट्यगृह उसळलं. शिट्ट्या, टाळ्या, मोबाइल वर. लोक उभे राहिले. युरोपात एवढ्या टाळ्या मला कधी मिळाल्या नव्हत्या. बाळासाहेब माईकवर धावले. “बघितलं? बघितलं का? ही साधना आहे! हात न लावता! जगात असं कोण करतंय?” त्यांच्या घरी रोज जेवताना हेच होत होतं, पण त्या क्षणी त्यांचासुद्धा विश्वास बसला होता. मी आजवर एवढा प्रामाणिक माणूस पाहिलेला नाही.

मी पगडी काढून पियानोवर ठेवली आणि त्यांच्या हातातून माईक मागून घेतला.

“हे मी आत्ता वाजवलेलं नाही,” मी म्हणाले. “हा पियानो आपोआप वाजतो. वादन माझंच आहे, पण ते दोन वर्षांपूर्वीचं. आता मला वाजवता येत नाही. माझा उजवा हात पियानोवर चालत नाही. कधी चालेल ते डॉक्टरांनाही माहीत नाही.”

मग बाळासाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि डबडबलेल्या डोळ्यांनी सभागृहाकडे वळून म्हणाले, “एवढी मोठी झाली, पण पाय जमिनीवर! म्हणते, मला वाजवता येत नाही! अरे, याला म्हणतात विनम्रता!”

पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा जास्त. कदमांनी प्रसंगावधान राखून ढोलपथक सोडलं. खरं बोलल्याचं समाधान मला ढोलांच्या गजरात मिळालं आणि कोणालाही ते ऐकू गेलं नाही.

फक्त पहिल्या रांगेत एक माणूस टाळ्या वाजवत नव्हता. पप्पा खाली बसले होते. त्यांनी कोट काढला होता आणि तो घडी करून मांडीवर घेतला होता.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. ती अकादमी निघाली, संचालक दुसरे नेमले, आणि तो पांढरा पियानो तिच्या स्वागतकक्षात पालकांसाठी वाजतो. माझा तो व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. खाली कोणी मला देवी म्हटलं, कोणी करणी म्हटलं. दौरा अर्थातच गेला. मी दीड वर्ष मिरजेत राहिले. फिजिओथेरपीच्या बाईंनी मला पहिल्यापासून शिकवलं, एक बोट, एक पट्टी, लहान मुलांची गाणी. एक बोट आलं, दुसरं अर्धवट आलं. एकटीने मैफल करण्याइतकं ते पुढे कधीच आलं नाही. आता मी जर्मनीतच गाणाऱ्यांना साथ करते. पत्रिकेवर माझं नाव खाली बारीक अक्षरात असतं आणि ते बरोबर छापतात. लोक गायिकेकडे बघतात आणि मला ऐकतात. हे मला मानवलंय. कात्रण करण्यासारखं त्यात काही नसतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी आम्ही रिक्षाने घरी आलो तेव्हा पप्पा वाटभर घडी केलेला कोट मांडीवर धरून बसले होते. आत्या मागच्या रिक्षात नारळ आणि शाली घेऊन येत होती. मी मनात उत्तरं जुळवत होते. आधी का नाही सांगितलंस, मला कशाला तोंडघशी पाडलंस, माझ्या गार्ड लोकांना आता काय सांगू. प्रत्येकाला माझ्याकडे एक टोचरं उत्तर तयार होतं. टोचऱ्या उत्तरांचा सराव मी पियानोइतकाच केलेला आहे.

घरी येऊन त्यांनी माठातलं पाणी प्यायलं, मला दिलं, आणि टेबलाशी माझ्यासमोर बसले.

“दुखतं का गं?”

हा प्रश्न मी जुळवलेल्यांत नव्हता. डॉक्टरांनी हालचाली विचारल्या होत्या, तास विचारले होते. हे कोणी विचारलं नव्हतं. पप्पांना तर मी माईकवर बोलले त्यापलीकडे काही माहीतही नव्हतं.

“नाही, पप्पा. दुखत नाही. काहीच होत नाही. तेच तर.”

“बघू.”

मी हात पुढे केला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला. ती दोन बोटं त्यांच्या तळहातावर अगदी सरळ पडून होती. त्यांनी ती एकेक करून हलकेच दाबली.

“कधीपासून?”

“डिसेंबर.”

“म्हणजे नाताळला फोनवर म्हणालीस, सगळं मजेत आहे, तेव्हा पण.”

“तेव्हा पण.”

त्यांनी मान खाली घातली. मग विचारलं, “तिकडच्या त्या बाईंना ठाऊक आहे?”

“नाही.”

“सांगायला पाहिजे ना? त्या बिचाऱ्या हॉल बुक करत बसतील.”

“सांगेन दोन दिवसांत. लिहून कळवीन.”

“आत्ता लाव फोन,” पप्पा म्हणाले. “मी इथंच बसतो.”

तिकडे सकाळ होती. फ्राउ लिंडनर दुसऱ्या रिंगला बोलल्या, आनंदाने, ऑक्टोबरचीच काहीतरी बातमी घेऊन. मी त्यांना मधेच थांबवलं. हात, बोटं, डॉक्टर, डिसेंबर. एकेक वाक्य सावकाश सांगत गेले. समोर पप्पा खुर्चीच्या टोकाला बसले होते. त्यांना जर्मनचं एक अक्षर कळत नाही. पण माझं प्रत्येक वाक्य संपलं, की बरोबर आहे, पुढे सांग, अशी ते मान हलवत होते.